शिवेवरची बाज

९ जुलै १९५५, पळसटोला

आज माझी नोकरी सुरू झाली. बी.ए.चा निकाल लागल्यापासून हे वाक्य लिहायची वाट पाहत होते, म्हणून आधी तेच लिहिलं.

गोंदियाहून निघालेली मोटार कोहमाऱ्याच्या नाक्यावर थांबली आणि उतरले तो समोर बाळंतिणींच्या मदतीसाठी काढलेल्या आमच्या मंडळाची जीप उभी. लढाईतली जुनी अमेरिकन गाडी, आमचे अध्यक्ष भैयाजी यांनी फौजी लिलावात घेतलेली. स्टेअरिंग डावीकडे, दारं मुळातच नाहीत, टपाची ताडपत्री इतकी फाटलेली की ड्रायव्हर बकारामभाऊ मांडीखाली छत्री ठेवूनच बसतात. ब्रह्मदेशच्या आघाडीवर ते फौजेच्या गाड्या चालवत. त्यांनी माझी ट्रंक मागं टाकली आणि म्हणाले, बसा जी बाई, पण सीटवर नका बसू, सीटच्या बाजूले बसा, स्प्रिंगा अजून जित्या आहेत.

कोहमारा ते पळसटोला नुसता चिखल, मध्ये एक नाला. बैलगाड्या अलीकडेच रुतून बसल्या होत्या आणि आमची जीप म्हशीसारखी त्या पाण्यातून सरळ निघून गेली. मला इतकं हसू आलं की बकारामभाऊंनी वळून बघितलं. धानाची रोवणी चाललेल्या बांधीतल्या बायका कमरेत वाकलेल्या होत्या, त्याही उभ्या राहून बघू लागल्या.

राहायची सोय सुमित्राबाईंच्या घरी, ओसरीला लागून खोली आहे. त्यांचा मुलगा दुधराम धानाची शेती करतो. सून धुरपता माझ्याहून लहान, पोटुशी आहे. जीप थेट अंगणात आली तेव्हा ती दारात पदर तोंडावर धरून हसत होती.

बाबा गोंदियाच्या राइस मिलमध्ये पोती उचलतात. आमच्या घरात चौथीच्या पुढं माझ्याआधी कोणी गेलं नाही. निघताना आई एवढंच म्हणाली, आता लोकायचं भलं कर, देवकी. करणार आहे. अडलेली बाळंतीण वेळेवर गोंदियाच्या दवाखान्यात पोचली पाहिजे, हेच माझं काम. आणि त्यासाठी ही जीप आतून नवी करून घ्यायची जबाबदारी भैयाजींनी माझ्यावर टाकली आहे.

१२ जुलै

जीप नीट पाहिली. मागच्या सीटांच्या लोखंडी चौकटी उरल्या आहेत, गादीत उंदरांचा संसार. तळाचा पत्रा गंजून भोकं पडलीत, त्यातून खालचा रस्ता पळताना दिसतो. बकारामभाऊ म्हणतात, हवा येते, काऊन बुजवता.

मी कागदावर आराखडा काढला. ड्रायव्हरशेजारची सीट काढून टाकायची आणि त्या बाजूनं पुढपासून मागच्या फळीपर्यंत लांब बिछाना बसवायचा, म्हणजे बाईला पाय पसरून निजता येईल. ड्रायव्हरच्या मागं एक पेटी, वर सोबतीणीनं बसायचं, आत कात्री, औषधं, उकळलेली फडकी. ताडपत्री नवी, तिला पडदे. आणि बिछान्याच्या वर आडवा गज, कळ आली की घट्ट धरायला. हा गज सुचला तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं. पुरुषाला सुचला नसता.

लाकूड मात्र नाही. भैयाजींचं म्हणणं, जंगल खात्याचं दिवाळीनंतर मिळेल, तोवर गावात कुठं पडलेलं असेल तर बघा.

धुरपता ही दुधरामची दुसरी बायको. पहिली गेल्या वर्षी वारली. तिच्या नावाची बारीक चांदीची पुतळी धुरपताच्या गळ्यात असते आणि कोणतीही नवी वस्तू ती आधी त्या पुतळीला लावते. लुगडं, बांगडी, वेलीवरची पहिली काकडीसुद्धा. पयलं तिचं, मंग माझं, असं ती इतक्या सहज म्हणाली की मी त्यावर वाद घातला नाही.

दुसऱ्या गोष्टीवर मात्र घातला. बाळंतपणाला ती माहेरी जाणार होती, इकडच्या प्रतापगडाच्या पलीकडं जंगलात. तिथून कुठल्याच दवाखान्याला रस्ता नाही. मी सुमित्राबाईंना म्हटलं, दारात गाडी असताना पोरीला जंगलात कशाला धाडता? खूप बोलले. शेवटी त्या म्हणाल्या, तुमी शिकलेल्या आहा, तुमी म्हणता त राहू दे तिले इथंच. माझा पहिला विजय!

१५ जुलै

लाकूड मिळालं!

नाला ओलांडून गावाकडं येताना शिवेवर मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली एक बाज उलटी पडलेली असते, चारही पाय आभाळाकडे. येताजाता रोज दिसते. आज उतरून पाहिली. अस्सल सागवान. दोऱ्या कुजल्यात, पण लाकडाला कीड नाही. उशाकडच्या पट्टीवर समोरासमोर दोन राघू कोरलेले.

बकारामभाऊ गाडीतून उतरले नाहीत. म्हणाले, मेलेल्या माणसाची आहे बाई, पाय वर करून ठेवतेत, नाही त चालत घरी येते. मी विचारलं, कोण, माणूस? ते म्हणाले, नाही जी, बाज. मी इतकी हसले की त्यांनाही हसू फुटलं. मग मी विचारलं, फौजेत ज्या स्ट्रेचरवर जवान जायचा ते स्ट्रेचर तुम्ही फेकून देत होतात का? ते म्हणाले, धुऊन परत काढत होतो. मग झालं तर, म्हटलं. दोघांनी मिळून ती सरळ केली. सरळ झाल्यावर अगदी कोणाच्याही घरातली असावी तशी साधी दिसायला लागली.

कोणाची ते गावात विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. एवढं चांगलं लाकूड पावसात सडू द्यायचं आणि अडलेल्या बाईला नुसत्या फळकुटावर हादरे खात न्यायचं, हे मला पटत नाही. मेलेल्या माणसालाही पटलं नसतं.

२३ जुलै, कोहमारा

गाडी तयार! गोंदियाहून शालीकराम सुतार आला होता. बाजेवर हात फिरवून म्हणाला, बहनजी, ऐसा सागौन अब मिलता कहां. पाय कापले, रुंदी कमी केली, चौकट जीपच्या तळाला बोल्टांनी आवळली. राघूंवर रंधा फिरवायला त्याचा हात होईना, म्हणून ती पट्टी तशीच राहिली आणि सगळ्यावर हिरवा रंग दिला. वर सावरीच्या कापसाची गादी, तिला काळं रेग्झिन. गज बसला, पडदे बसले. मी त्या बिछान्यावर पडून दोन्ही हातांनी गज ओढून पाहिला. पक्का आहे.

कापलेले पाय शालीकरामनं चुलीत घातले आणि त्यावर सगळ्यांना चहा केला. बकारामभाऊ बशीत फुंकर मारत म्हणाले, आता कशी चालत जाते पाहू, पाय त आपून पेऊन राहिलो. फार हसलो आम्ही.

२८ जुलै, पळसटोला

नवी गाडी धुरपताला दाखवायची म्हणून मोठ्या हौसेनं निघालो. नाला सहज पार केला आणि शिवेवर, मोहाखाली, इंजिन बंद. बकारामभाऊंनी प्लग पुसले, कार्बुरेटर उघडून फुंकला. हूं नाही की चूं नाही. शेवटी ढकलून तोंड कोहमाऱ्याकडं केलं तर पहिल्याच फेरीला सुरू. पुन्हा वळवली, पुन्हा बंद.

मी चालत घरी आले. नेमकी ती बाज जिथं पडलेली होती तिथंच, हे लक्षात आलं नाही असं नाही. पण तिथं चढही आहे आणि डबक्याचं पाणीही आहे. इंजिनात ओल गेली असणार.

४ ऑगस्ट

पहिला रोगी नेला. नाल्यापलीकडच्या टोल्यावरचे (इकडं वाडीला टोला म्हणतात) कवडूबाबा, म्हातारे, ताप डोक्यात गेलेला. दुपारचं लख्ख ऊन होतं. गाडी अशी धावली की मला अभिमान वाटला. गोरेगाव मागं पडल्यावर बाबा पाय जवळ ओढू लागले. विचारलं तर चिडून म्हणाले, या बाईले जरा सरकवा, माझे पाय मावून नाही राहिले. कोणती बाई, असं त्यांच्या मुलानं विचारलं. बाबा म्हणाले, थे पाह्य ना, कशी कण्हून राहिली. ताप होता, म्हणून मुलगा आणि मी एकमेकांकडं पाहून हसलो.

दवाखान्यात त्यांना उचललं. गादीवर त्यांच्या अंगाचा खळगा होता, आणि त्याच्या शेजारी पडद्याकडच्या बाजूला दुसरा, मध्यभागी जास्त खोल. तिथं रेग्झिन ओलं होतं. पाऊस नव्हता. मी हात लावला. पाणी कोमट होतं.

आणि परतीच्या वाटेवर सबंध गाडीला ओवा नि शेपाची धुरी दिल्यासारखा वास येत राहिला. बाळंतिणीच्या खोलीत येतो तो.

९ ऑगस्ट

आज सुमित्राबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, शिवेवर बाज असायची ती कोणाची? सूप थांबलं. म्हणाल्या, आमच्या रुख्माची. दुधरामची पहिली. बापानं आंदणात देल्ली होती, राघूवाली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या पावसाळ्यात रुख्मा अडली. त्याच बाजेवर निजवून गड्यांनी तिला कोहमाऱ्याकडं उचलून नेलं, सडकेवर एखादा ट्रक भेटेल म्हणून. नाला भरून आलेला. पाणी उतरायची वाट पाहत सगळे काठावर बसले. ती म्हणत राहिली, मले घरी न्या, मले घरी न्या, इथं नका बाळंत करू. तिथंच गेली, पोटातल्यासकट. शिवेबाहेर मेलेलं माणूस परत गावात आणत नाहीत, म्हणून तिला नाल्याकाठीच माती दिली, ती मागं येऊ नये म्हणून वाटेवर मोहरी फेकली आणि बाज उलटी केली. तिला यायचं होतं, असं सुमित्राबाई म्हणाल्या, पण रिवाज रिवाज आहे.

त्यांनी पुन्हा सूप हलवायला घेतलं. मी तिथून उठले. आम्ही तिचे पाय कापले आणि तिला चार चाकं दिली.

नाही. हे मी लिहायला नको होतं. मी शिकलेली आहे.

१२ ऑगस्ट, कोहमारा

भैयाजींना भेटले. बिछाना काढून दुसरा बसवू या, असं म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. लाकूड बरं नाही म्हटलं, तर म्हणाले, तुम्हीच अहवालात लिहिलंय की असं सागवान आता मिळत नाही. मग मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, देवकीबाई, उद्या ही गोष्ट गावात गेली तर एकही बाई या गाडीत पाय ठेवणार नाही. एका बाजेपायी किती बायका मारायच्या आहेत तुम्हाला? तुम्ही ग्रॅज्युएट आहात.

त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते.

१८ ऑगस्ट, पळसटोला

काल पोळा झाला, आज नारबोद. सकाळी सकाळी गावातली पोरं पळसाच्या फांद्या घेऊन घराघरातून ओरडत निघाली, खोकला ने, खरूज ने, ढेकणं ने, सगळी पिडा शिवेबाहेर ने. मीही त्यांच्या मागून शिवेपर्यंत गेले. पोरांनी फांद्या फेकल्या, थुंकले, हसले, एकमेकांना शिव्या देऊन मोकळे झाले.

आणि नाल्याकडून जीप आली. आत भैयाजी. सणाच्या दिवशी गावाला गाडी दाखवावी म्हणून मुद्दाम आले होते. मोहाखाली ती नेहमीसारखी बंद पडली. भैयाजी उभे राहून ओरडले, काय रे गड्यांनो, बघता काय, लावा हात! मी म्हणत होते, नको, राहू द्या, इथंच बघतील लोक. त्या गोंगाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बकारामभाऊंनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. पोरं आधीच नाचत होती, चढ कधी संपला त्यांना कळलंही नाही. ज्या हातांनी पिडा बाहेर टाकली त्याच हातांनी गाडी आत लोटली. शीव ओलांडताच इंजिन आपणहून सुरू झालं. पोरांनी आरोळी ठोकली.

गाडी आमच्याच अंगणात येऊन थांबली. सुमित्राबाई बाहेर आल्या. चाकांवर पाणी घातलं, पुढच्या पत्र्याला कुंकू लावलं. मग आत वाकून त्यांनी हिरव्या पट्टीवर बोट फिरवलं, फार वेळ. आणि भाकरीचा तुकडा आणून तो बिछान्यावरून ओवाळून टाकला.

गाडीवरून कोणी भाकरतुकडा ओवाळत नाही. बाळंतीण बाळ घेऊन घरी येते तेव्हा ओवाळतात.

२४ ऑगस्ट

गाडी कोहमाऱ्याला परत गेली. पण वास इथंच राहिला. ओवा, शेपा, जळणारा कोळसा. दुपारी घरात कोणी नसतानाही येतो.

धुरपता आज चुलीपाशी बसली होती. मला म्हणाली, बाई, तुमी मघाशी गरम पाणी मागितलं का? मी शेतावरून आत्ताच आले होते. तिनं पाणी काढून माजघराच्या उंबऱ्याशी ठेवलं होतं. बादली रिकामी होती आणि पलीकडची जमीन ओली.

गळ्यातली पुतळी काळी पडली आहे. धुरपता ती राखेनं घासते. पुन्हा काळी होते.

३० ऑगस्ट

सुमित्राबाईंना सांगून टाकलं. बाज मीच उचलली, मीच कापून घेतली. त्या शांतपणे म्हणाल्या, मले मालूम आहे. राघू मी वळखले नाही का? तिले शिवेवरून मांगं फिरवली थे मीच. रिवाज पाह्यला, तिच्याकडं नाही पाह्यलं. आता आली त येऊ द्या.

मी हात जोडले. धुरपताला तरी माहेरी पाठवा म्हटलं. त्या म्हणाल्या, भरल्या दिवसाची पोर, नाले भरलेले, कशी पाठवू? अन् तुमीच त म्हणाल्या, गाडी दारात आहे.

माझंच वाक्य. माझ्याच आवाजात म्हणाल्यासारखं वाटलं.

३ सप्टेंबर

धुरपताशी बोलले. भीती वाटते का, विचारलं. नाही म्हणाली. बाळासाठी शिवलेलं कुंचडं काढून दाखवलं. आधी पुतळीला लावलं होतं. काळा डाग पडला होता.

तिला पुढचं विचारायचं माझ्यानं झालं नाही. पहिलं सगळं तिचं, तर—

७ सप्टेंबर, कोहमारा

भैयाजींना न विचारता बिछाना काढायचं ठरवलं. बकारामभाऊ पाना घेऊन खाली शिरले. सकाळची वेळ, सगळीकडं ऊन. बोल्ट फिरतात, पण निघत नाहीत. फिरतच राहतात. ते बाहेर आले, हाताला ओल होती. पुसली, वास घेतला, आणि पाना तिथंच ठेवून दिला. म्हणाले, बाई, ब्रह्मदेशात लय पाह्यलं, पण मेलेलं माणूस कळा देऊन राहिलं हे नाही पाह्यलं.

मी म्हटलं, तुम्ही नोकरी सोडून जा हवं तर. ते म्हणाले, मंग त्या पोरीले कोण नेईल?

११ सप्टेंबर, पळसटोला

पाऊस थांबत नाही. बैलगाडी जात नाही. फक्त जीप जाते.

आज ती बंद न पडता शीव ओलांडून आली. आम्ही बोलावली नव्हती. बकारामभाऊ म्हणाले, मी फक्त स्टेअरिंग धरून बसलो होतो. तेव्हापासून अंगणात उभी आहे. बिछान्याकडची बाजू खाली झुकली आहे. रिकामीच आहे. तरी झुकली आहे.

मी पडदा उघडत नाही.

१४ सप्टेंबर, नाल्यावर

पहाटे कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं नाही. दुधराम रडत माझ्या पायाशी बसला, बाई, गाडीत घ्या, मागच्या खेपेले गाडी नव्हती. सगळे माझ्याकडं बघत होते. घरी ठेवली तर मरेल. गाडीत घातली तर— मीच म्हणाले, उचला.

दुसरं काय म्हणणार होते?

गाडी हात लावताच सुरू झाली. शीव सहज पार. आणि नाला भरलेला. ह्याच काठावर रुख्मा गेली.

बकारामभाऊ आणि दुधराम कमरेला दोर बांधून पलीकडं गेलेत, माणसं आणायला. इंजिन बंद आहे. आत मी पेटीवर, धुरपता बिछान्यावर. तिचा हात माझ्या डाव्या हातात आहे, म्हणून उजव्यानं लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

दुपार झाली असेल. पाणी वाढतंय.

धुरपताला विचारलं, कसं वाटतंय. म्हणाली, मी जरा सरकते, तिले जागा नाही. आणि सरकली. पडद्याकडं गादी दबली— मी पाहिलं.

वास.

धुरपता शांत झाली. डोळे उघडे. हळू बोलतेय. पयलं तिचं, बाई. पयलं तिचं. मी म्हटलं, नाही, हे तुझं, तुझं एकटीचं, मी शिकलेली आहे, मी सांगते— ती माझ्याकडं दयेनं बघतेय.

मूल रडलं.

आत्ता. गाडीत. धुरपताचं पोट तसंच आहे. भरलेलं. मग कोणाचं—

कोणीतरी म्हणालं, मले घरी न्या. धुरपताचे ओठ मिटलेले.

गाडी हलली. इंजिन बंद आहे. पुढं कोणी नाही. चाकं मागं फिरतायत, चढावर, गावाकडं. पलीकडच्या काठावर बकारामभाऊ दोन्ही हात हलवतायत. काहीतरी ओरडतायत. उडी टाक म्हणतायत बहुतेक.

टाकता येईल. दारं नाहीत. पण हिला सोडून नाही. हात घट्ट धरलाय मी, सोडणार नाही, धुरपता, भिऊ नको, हा बघ माझा—

धुरपताचा एक हात वर गजाला आहे. दुसऱ्या मुठीत पुतळी.

मग माझ्या हातात